पाळणा न हललेली घरे

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे लग्नात वधूवरांना दोन आशीर्वाद हमखास मिळतात. एक 'नांदा सौख्यभरे' आणि दुसरा, वधू पाया पडायला वाकली की वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपोआप निघणारा, 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव'. पहिला आशीर्वाद दोघांना असतो, दुसरा तिला एकटीला. आठ पुत्र आज कोणालाच नको आहेत, आशीर्वाद देणाऱ्यालाही नकोत. तरी शब्द टिकले आहेत आणि त्यांच्यामागची अपेक्षाही टिकली आहे. लग्नाला वर्ष झाले की 'पाळणा कधी हलणार?' हा प्रश्न सुरू होतो. पाच-सात वर्षे गेली की प्रश्न थांबतात आणि कुजबुज सुरू होते. दुसरा आशीर्वाद फळला नाही म्हणून जणू पहिलाही परत घेतला जातो.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. नवराबायकोचे एकमेकांवर प्रेम आहे, एवढी गोष्ट त्यांच्या संसाराला पुरेशी का मानली जात नाही? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन घरे आणि माझ्या नात्यातील एक घर घेतले आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे वर्गात जे ऐकते ते घरी गेल्यावर पडताळून पाहायची मला सवय लागली आहे. तसे करताना जे दिसले ते वाचकांपुढे ठेवते.

अपेक्षेचे मूळ

रूढीला नावे ठेवण्याआधी तिची बाजू समजून घ्यायला हवी. आपल्या आजी-पणजीच्या काळी जन्मलेली मुले जगतीलच याचा भरवसा नव्हता. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि ते मूल अवघे दहा दिवस जगले. त्या दुःखातून त्या वैद्यकीच्या शिक्षणाकडे वळल्या, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी गेल्या. पुण्यामुंबईकडच्या शिकल्यासवरल्या घरात हे घडत होते, तर खेड्यापाड्यांत काय होत असेल? त्यात शेतीला हात हवेत, म्हातारपणी भाकरी देणारे कोणी हवे, मेल्यावर पाणी देणारा हवा. कोरडवाहू शेतकऱ्याला निवृत्तिवेतन नसते. मुलगा हेच त्याचे निवृत्तिवेतन. मूल हवे ही इच्छा भीतीतून आलेली होती आणि ती भीती खरी होती.

पण गरजेचा नियम झाला आणि नियमाची शिक्षा झाली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात यासाठी चक्क मुदती घालून दिल्या आहेत. पत्नी वंध्या असेल तर आठव्या वर्षी, तिची मुले जगत नसतील तर दहाव्या वर्षी आणि तिला केवळ मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षी पुरुषाने दुसरी बायको करावी, असे तेथे सांगितले आहे. आठ वर्षे ज्या बाईबरोबर काढली तिच्याविषयी नवऱ्याला काय वाटते, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. स्त्रीवर तर अन्याय आहेच, परंतु पुरुषाच्या प्रेमालाही येथे काही किंमत दिलेली नाही, हे माझ्या मते तितकेच लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याला दुसरी नको असेल त्याने काय करायचे? शास्त्र त्याच्याविषयी गप्प आहे. त्याचे उत्तर एका घराने आपल्या वागण्यातून दिले.

पहिले घर : पुणे

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे लग्न १८४० साली झाले. ते तेरा वर्षांचे होते, त्या नऊ वर्षांच्या. म्हणजे हे लग्न सर्वस्वी रूढीप्रमाणेच झाले होते, त्यात निवडीचा प्रश्न नव्हता. प्रेम पुढे आले, आणि ते पाटीवरच्या अक्षरांतून आले असे म्हटले तर चूक होणार नाही. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, १८४९ साली त्याच कामापायी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. सासऱ्यांच्या घरात राहायचे की नवऱ्याच्या कामात, यांपैकी सावित्रीबाईंनी काम निवडले.

त्यांना मूल झाले नाही. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे असा आग्रह झाला व तो त्यांनी मानला नाही, असे चरित्रकार सांगतात. त्या काळी कायदा आड येत नव्हता, शास्त्र आड येत नव्हते, नातेवाईक तर पाठीशीच होते. आड आला तो फक्त त्यांचा नकार. आपण जोतीरावांना क्रांतिकारक म्हणतो ते शाळांमुळे आणि सत्यशोधक समाजामुळे. परंतु घराच्या चार भिंतींत दिलेला हा नकारही मला तेवढ्याच मोलाचा वाटतो.

पुढची हकिगत अधिक विचार करायला लावणारी आहे. १८६३ साली या दांपत्याने आपल्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल तेथे ठेवून जावे, अशी व्यवस्था होती. ज्या बाईला समाज निपुत्रिक म्हणून हिणवत होता, तिच्या दारात समाजाने टाकून दिलेली मुले वाढू लागली. काशीबाई नावाच्या एका विधवेचा मुलगा या दोघांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी रुग्णांची सेवा केली आणि त्या सेवेतच सावित्रीबाईंचा अंत झाला.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतले २९ ऑगस्ट १८६८ चे पत्र नायगावहून लिहिलेले आहे. नायगाव खंडाळा तालुक्यात, आमचा फलटण तालुका त्याला लागूनच. म्हणून ते पत्र मला आपल्या शिवारातले वाटते. पोथ्या-पंचांग घेऊन हिंडणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावात आला, त्याचे आणि शारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जडले आणि तिला दिवस गेले. गावाने दोघांची धिंड काढली व त्यांना मारून टाकायचे ठरवले. सावित्रीबाई धावत तेथे गेल्या. इंग्रजी कायद्याची भीती घालून त्यांनी दोघांना सोडवले आणि गाव सोडण्याच्या अटीवर वाचवून जोतीरावांकडे पाठवले. नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात बायकोने हे कळवावे आणि तिने पाठवलेली माणसे त्याने सांभाळावीत, असे त्यांचे नाते होते. त्या पत्रातला विश्वास पाहिला की या संसारात काय उणे होते, असा प्रश्न पडतो.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. रूढीला मूल हवे असते, असे आपण समजतो. मग विधवेचे मूल तिला का नको होते? शारजेच्या पोटातले का नको होते? तिसरी मुलगी झाली की घर का उतरते? याचा अर्थ असा की, रूढीला मूल हवे नसते. तिने ठरवलेल्या लग्नातून, तिने ठरवलेल्या वेळी, तिने ठरवलेले मूल हवे असते. म्हणजे मुळात तिला हवा असतो तो हुकूम. ज्या जोडप्याचे प्रेम हा हुकूम मानत नाही, ते मूल नसलेले असो की मूल होऊ घातलेले असो, गाव त्याच्याकडे एकाच डोळ्याने पाहते.

दुसरे घर : मुंबई

पहिल्या घराला मूल झाले नाही. दुसऱ्या घराने ते होऊ दिले नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्वे यांचे थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात वारली. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले, मुंबईस विल्सन कॉलेजात शिकवू लागले. लादलेली बाळंतपणे स्त्रीचा जीव घेतात, म्हणून मूल केव्हा आणि किती, हे स्त्रीला ठरवता आले पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असे केंद्र काढले तेही त्याच वर्षी. या मतांपायी त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत सव्वीस वर्षे चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

या सर्व कहाणीत त्यांच्या पत्नी मालतीबाई यांचे नाव कमी घेतले जाते. नवऱ्याची नोकरी गेली, मासिकात पैसा नव्हता, लोक तोंडावर नाही तर पाठीमागे नको ते बोलत. तेव्हा घराचा भार मालतीबाईंच्या कमाईने पेलला. मूल नको हा निर्णय दोघांचा होता. परंतु एखाद्या पुरुषाने असा निर्णय घेतला तर जग त्याला विक्षिप्त म्हणून सोडून देते आणि त्याच्या बायकोला मात्र हळदीकुंकवाला गेल्यावर उत्तर द्यावे लागते. मालतीबाईंना किती घरी असे उत्तर द्यावे लागले असेल, याची नोंद कोठे नाही. तशी नोंद कोणी ठेवत नसतो.

पुण्यातले आणि मुंबईतले अशी ही दोन घरे एकमेकांपासून फार वेगळी. एक माळ्याचे, एक कोकणस्थाचे. एकाने दुसऱ्याची मुले आपली म्हटली, दुसऱ्याने मुलाशिवायचा संसार पुरा मानला. पण दोन्ही घरांत नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला पुरली. चित्रपटात दाखवतात त्या प्रेमापेक्षा हे प्रेम निराळे आहे. याच्यात गाणी नाहीत, काम आहे.

तिसरे घर : आमचे

यावर कोणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची घरे झाली. त्यांना समाजकार्य होते, त्यामुळे मूल नसल्याची उणीव भासली नाही. आक्षेप खरा आहे. माझ्या चुलत्यांना समाजकार्य नाही, दीड एकर जिरायत आहे. ज्यांच्याजवळ मोठे काम नाही त्यांना नुसते एकमेकांवर प्रेम करण्याचा हक्क आहे की नाही, हाच खरा प्रश्न आहे. म्हणून हे तिसरे घर.

तात्या आणि काकी यांच्या लग्नाला चौदा वर्षे झाली. मूल नाही. काकीने शिखर शिंगणापूरला नवस केला, जेजुरीला केला, उपास धरले. गावात कोणाचे डोहाळजेवण असले की तिला निरोप येत नाही. बारशाला गेली तर तान्हे बाळ तिच्या मांडीवर देताना बायका एकमेकींकडे पाहतात. भाजी निवडता निवडता तिला हे सारे दिसते आणि ती भाजी निवडत राहते. तालुक्याला आणि पुण्याला मिळून चार वेळा तिच्या तपासण्या झाल्या. दर वेळी डॉक्टर दोघांना या म्हणत आणि दर वेळी आजी म्हणे, "गड्यामाणसाला काय झालंय दाखवायला?"

नवव्या वर्षी काकीनेच एक दिवस जेवणे झाल्यावर सर्वांसमोर विषय काढला. "माझी धाकटी भन हाय. तिला करून घ्या. पोर कुणाचं का असंना, घरात तर हिंडंल." कायद्याने असे लग्न होत नाही, हे एक-दोघांनी बोलून दाखवले. त्यावर देवळात माळ घालू, कोण विचारायला येतंय, असे उत्तर मिळाले. तात्या काही न बोलता उठून गोठ्यात गेले. दोन दिवस ते काकीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "मला विचारलंस का आधी?"

आठव्या वर्षाची मुदत घालणाऱ्या शास्त्राने जो प्रश्न कधी विचारला नाही, तोच तात्यांनी चार शब्दांत विचारला, असे मला आज वाटते. तेव्हा मी शाळेत होते, मला एवढे कळत नव्हते.

पुढे दोन वर्षांनी तात्या कोणाला न सांगता तालुक्याच्या गावी जाऊन आपली तपासणी करून आले. दोष त्यांच्यात होता. त्यांनी तो कागद आधी काकीला दाखवला आणि घरात सांगतो म्हणाले. काकीने सांगू दिले नाही. "मला बोलत्यात त्याची मला सवय झालीय. तुमाला बोललेलं मला ऐकवायचं न्हाई." या एका वाक्यापायी ती अजून वांझ हा शब्द ऐकते आहे. तिचे प्रेम आणि रूढीचा अन्याय यांची अशी गाठ बसली आहे की, एक सोडवायला जावे तर दुसरे तुटेल अशी भीती वाटते. पुस्तकातल्या प्रेमविवाहाच्या कथांत प्रेम एका बाजूला आणि रूढी दुसऱ्या बाजूला असते. आमच्या घरी ती दोन्ही एकाच बाईच्या मनात आहेत.

हे लिहू का, असे मी दोघांना विचारले. तात्या म्हणाले, "लिही. कळू दे." काकी म्हणाली, "नाव घालू नको." दोघांचेही मी ऐकले आहे.

कायदा, वैद्यक आणि आपण

वैद्यकशास्त्राचे म्हणणे आता पुरेसे स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे सहांपैकी एका माणसाला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा अनेकांपैकी एक कारण असते. वीर्याची तपासणी ही स्त्रीच्या बहुतेक तपासण्यांपेक्षा सोपी, कमी खर्चाची व बिनत्रासाची असते. तरी आपल्याकडे ती शेवटी होते, किंवा होतच नाही. हा शब्द मासिकात छापावा का, असा संकोच मलाही झाला. पण असल्या शब्दांसाठी रघुनाथरावांनी दंड भरले. शब्द टाळून प्रश्न टळत नाही, हे आपण त्यांच्यापासून शिकलो नाही तर त्यांनी दंड भरला तो फुकट गेला म्हणायचा.

कायदाही बदलला आहे. हिंदू पुरुषाने पहिली पत्नी असताना दुसरे लग्न करण्यास मुंबई प्रांतात १९४६ साली आणि पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मनाई झाली. केवळ मूल झाले नाही हे त्या कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही. १९५६ च्या दत्तकाच्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. मात्र नवरा असलेल्या बाईला स्वतः दत्तक घेता येत नव्हते. नवऱ्याच्या संमतीने तसे करण्याचा अधिकार तिला २०१० च्या दुरुस्तीने मिळाला. म्हणजे कायदा हळूहळू का होईना चालतो आहे. पण कायदा लग्न वाचवू शकतो, लग्नातला जिव्हाळा वाचवू शकत नाही. ओटी भरताना कोणाला वगळायचे, हे कोणत्याही कलमात नसते. ते आपल्या घरातल्या बायका ठरवतात, आणि उद्या त्या बायका आपण असणार आहोत.

माझ्यासाठीही आता स्थळे सांगून येत आहेत. पदवी होऊ द्या, असे वडील सांगतात, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण पाहुण्यांच्या बोलण्यात मुलीचे वय, उंची, रंग आणि शिक्षण येते. हे दोघे एकमेकांना पुरतील का, हे कोणी विचारत नाही. तो प्रश्न मी विचारणार आहे. मूल मला नको असे मी म्हणत नाही. काकीला तर मूल मनापासून हवे होते, आजही हवे आहे, आणि ती इच्छा खोटी आहे असे म्हणण्याचा मला काय अधिकार? मालतीबाईंना नको होते, काकीला हवे होते. दोघींची इच्छा दोघींची होती, एवढेच माझे म्हणणे आहे. ती इच्छा गावाची झाली की तिचा हुकूम होतो.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच पदवीधर होणार आहोत. आपल्या शब्दाला घरात थोडी किंमत येऊ लागली आहे. तिचा उपयोग करून दोन-तीन लहान गोष्टी आपल्याला करता येतील. कोणाला 'पाळणा कधी?' असे विचारू नये. डोहाळजेवणाच्या याद्या आता आपल्याच हातून लिहिल्या जातात, त्यांत वगळलेले नाव घालावे. आणि मूल होत नाही असे कोणत्याही घरात ऐकले, तर गड्यामाणसाचीही तपासणी झाली आहे का, हे न लाजता विचारावे.

शेवटी, आशीर्वादाविषयी. मराठीत सुनेच्या बाबतीत 'नांदणे' हे क्रियापद नेहमी एकवचनी येते. ती नांदते, तिला नांदवतात, ती नांदत नाही. लग्नातल्या आशीर्वादात मात्र ते 'नांदा' असे दोघांसाठी येते. व्याकरणाच्या तासाला मला ते जाणवले आणि तेव्हापासून तो आशीर्वाद मला फार योग्य वाटतो. त्यात आठाचा आकडा नाही, पुत्राची अट नाही. दोघांनी नांदावे, सुखाने नांदावे, एवढेच मागणे आहे. दुसरा आशीर्वाद कोणाला द्यावासा वाटला तर जरूर द्यावा, पण तो फळला नाही म्हणून पहिला कोणी परत घेऊ नये.